स्वदेशीच्या आडोशाला बनावट शिक्का

थंडीची चाहूल लागली की तालुक्याच्या बाजारपेठेत विजेच्या सामानाच्या दुकानांपुढे पाणी तापवण्याच्या रॉडचे घोस लटकू लागतात. चकचकीत नळी, काळी मूठ, हातभर वायर आणि तीन पिनांचा प्लग. गिऱ्हाईक विचारते, ‘आयएसआय आहे ना?’ दुकानदार मानही न वळवता सांगतो, ‘आयएसआय टाइप आहे, काही काळजी करू नका.’ गिऱ्हाईकाचे समाधान होते. ‘टाइप’ या तीन अक्षरांत कायदा, विज्ञान आणि एका कुटुंबाचा जीव अशा तिन्ही गोष्टी गुंडाळून ठेवल्या गेल्या, याची त्याला कल्पनाही नसते. मानकचिन्ह एक तर असते किंवा नसते. ‘एमबीबीएस टाइप’ डॉक्टरच्या हाती आजारी मूल सोपवायला कोणी तयार होणार नाही; मात्र ज्या बादलीत त्याच मुलाची आई पहाटे हात घालते, त्या बादलीत ‘आयएसआय टाइप’ रॉड सोडायला कोणाचीही हरकत नसते!

हे चिन्ह आले कोठून, याचा विसर पडला आहे. स्वातंत्र्य अजून सात महिने दूर असताना, जानेवारी १९४७ मध्ये, ‘इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन’ ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. लाल सी. वर्मन हे तिचे पहिले संचालक झाले. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘आयएसआय’ हा शब्द घडला. (शेजारच्या देशातील एका कुप्रसिद्ध हेरसंस्थेची आद्याक्षरेही हीच असावीत, हा नियतीचा विनोदच म्हणायचा.) १९५२ मध्ये प्रमाणचिन्हांचा कायदा झाला, १९५५ पासून उत्पादकांना परवाने मिळू लागले. १९८६ च्या कायद्याने या संस्थेच्या जागी ‘भारतीय मानक ब्यूरो’ आला. त्याचे काम १ एप्रिल १९८७ पासून सुरू झाले. संस्थेचे नाव बदलले, चिन्ह मात्र तेच राहिले. ‘मानकः पथप्रदर्शकः’ हे ब्यूरोचे ब्रीद आहे.

या संस्थेच्या हजारो मानकांतील पहिले मानक कोणत्या वस्तूचे आहे? आयएस १ हे मानक आहे राष्ट्रध्वजाचे. १९५१ साली स्वतंत्र भारताने प्रमाणित केलेली पहिली वस्तू म्हणजे खादीचा तिरंगा. त्याच्या कापडाची वीण, रंगांच्या छटा, शिवण, अशोकचक्राचे माप, सारे त्या मानकात बांधून दिले आहे. ध्वजापासून सुरू झालेली ही मालिका पुढे विजेच्या तारेपर्यंत (आयएस ६९४), घरातल्या प्लग-सॉकेटपर्यंत (आयएस १२९३) आणि इस्त्री, गिझर, हीटर यांच्या सुरक्षिततेपर्यंत (आयएस ३०२) पोचली आहे. ध्वज उलटा फडकला तर गावात निषेधसभा होते. त्याच मालिकेतले चिन्ह गल्लीतल्या छापखान्यात किलोच्या भावाने छापले जाते आणि निकृष्ट मालावर चिकटवले जाते, तेव्हा मात्र कोणाच्याही भावना दुखावत नाहीत.

निकृष्ट रॉड माणूस कसा मारतो, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे. कारण ‘काही होत नाही हो’ या आपल्या राष्ट्रीय तत्त्वज्ञानाचा उगम अज्ञानात आहे. रॉडच्या धातूच्या नळीत तापणारी बारीक तार असते. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी घट्ट ठासलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज अडवते. नळीची तोंडे नीट बंद केली नसतील, तर हवेतला दमटपणा हळूहळू आत शिरतो, भुकटी ओल धरते आणि वीज नळीपर्यंत, नळीतून पाण्यापर्यंत येते. चांगल्या रॉडमध्ये याही वेळी जीव वाचावा म्हणून तिसरी तार असते. ती निसटलेली वीज जमिनीकडे वाहून नेते. स्वस्त मालात नेमकी ही तिसरी तार वाचवली जाते. प्लगला पिना तीन, पण वायरच्या आत तारा दोनच! तिसरी पिन केवळ देखाव्यासाठी. मग पाणी तापले की नाही हे पाहण्यासाठी ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली बाई बोट बुडवते, आणि जमिनीकडे जायला विजेला तिच्या देहाचाच मार्ग सापडतो. फ्यूज उडत नाही, कारण पाच-सहा अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने माणूस मारायला लागणारी वीज नगण्य असते. तीस मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारे आरसीसीबी नावाचे संरक्षक उपकरण घरात असेल तर बहुधा जीव वाचतो. पण ज्या घरात दोनशे रुपयांचा रॉड येतो, त्या घरात ते उपकरण सहसा नसते.

प्रयोगशाळा नेमके हेच तपासते. उष्णतारोधक नव्हे, तर विद्युतरोधक आवरणावर नेहमीच्या २३० ऐवजी हजार व्होल्टहून अधिक दाब देऊन ते टिकते का, हे पाहिले जाते. गळती किती मिलिअँपिअर होते, ते मोजले जाते. अर्थिंगच्या पिनेपासून उपकरणाच्या धातूच्या अंगापर्यंतचा अडथळा ०.१ ओहमच्या आत आहे ना, याची खात्री केली जाते. दोन तारांचा रॉड या शेवटच्या कसोटीत पहिल्याच क्षणी बाद होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने झालेल्या अपघाती मृत्यूंचा आकडा दहा हजारांच्या पुढे असतो. त्यांतले बरेच मृत्यू शेतातल्या लोंबत्या तारांमुळे आणि उघड्या डीपींमुळे होतात, हे खरे. परंतु न्हाणीघरातला मृत्यू ‘शॉक लागून’ एवढ्या दोन शब्दांत पंचनाम्यात मिटतो. रॉड कोणी बनवला, कोणी विकला, त्यावर चिन्ह होते का, हे प्रश्न विचारायला तेराव्यानंतर कोणाला उसंत असते?

आता मूळ मुद्दा. या व्यवहाराकडे बोट दाखवले की एक ठरलेला बचाव पुढे येतो आणि तो येतो स्वदेशीची वस्त्रे नेसून. ‘लहान उद्योजक आधीच मेटाकुटीला आला आहे. परवान्याचे शुल्क, तपासणीचे शुल्क, कारखान्यात प्रयोगशाळा उभारण्याचा खर्च, ब्यूरोच्या कार्यालयातल्या फेऱ्या! हे सारे बड्या कंपन्यांना परवडते. मानकचिन्हाची सक्ती म्हणजे बड्यांनी छोट्यांचा काटा काढण्यासाठी रचलेला डाव आहे.’ हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, त्यात सत्याचा अंशही आहे. सरकारी कार्यालयातल्या दिरंगाईचा जाच धाकट्यालाच अधिक होतो, हे कोणीही नाकारणार नाही. पण त्या अंशाच्या आड जे लपवले जाते, ते पाहिले पाहिजे. ब्यूरोने सूक्ष्म उद्योगांना किमान वार्षिक चिन्हशुल्कात ८० टक्के, लघुउद्योगांना ५० टक्के आणि मध्यम उद्योगांना २० टक्के सवलत ठेवली आहे. सूक्ष्म उद्योगाला स्वतःची प्रयोगशाळा उभारण्याच्या अटीतूनही मोकळीक मिळाली आहे; तो बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करून घेऊ शकतो. नवे गुणवत्ता नियंत्रण आदेश काढताना लघुउद्योगांना तीन महिने आणि सूक्ष्म उद्योगांना सहा महिने अधिक मुदत देण्याची पद्धत पडली आहे. एवढे झाल्यावरही जो म्हणतो की तिसरी तार घालणे परवडत नाही, त्याला परवाना परवडत नसतो असे नाही; त्याला तांबे परवडत नसते. त्याचा नफा त्या तारेतच आहे.

अशा माणसाला स्वदेशीचा कैवारी म्हणणे हा स्वदेशीचा घोर अपमान आहे. स्वदेशीने देशवासीयाकडून त्यागाची अपेक्षा जरूर केली. परदेशी तलम कापड सोडून जाडेभरडे नेसा, चार पैसे अधिक मोजा, असे तिने सांगितले. विजेचा धक्का सोसा, असे तिने कधी सांगितलेले नाही. आणि या बनावट मालाने सर्वाधिक पोळतो तो कोण? परवाना घेऊन, तपासणीचा खर्च सोसून, पूर्ण तांब्याची तार घालून माल काढणारा प्रामाणिक लघुउद्योजकच. भोसरीत असो वा सातपूरला, चार कामगारांनिशी कारखाना चालवणारा असा माणूस दुकानात हरतो, कारण शेजारच्या खुंटीला त्याच्याच मालासारखा दिसणारा ‘टाइप’ निम्म्या किमतीत टांगलेला असतो. लहान उद्योगाचा खरा शत्रू मानकचिन्ह नाही. चिन्ह चोरणारा त्याचा शत्रू आहे.

परकीयांनी लादलेली ही पाश्चात्त्य कल्पना आहे, असेही काहीजण म्हणतात. त्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडून पाहावे. त्यात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी नेमला आहे. वजने लोखंडाची किंवा मगध आणि मेकल येथील दगडाची असावीत, ती ओल्याने वाढू नयेत आणि उष्णतेने घटू नयेत, असा दंडक आहे. दर चार महिन्यांनी त्यांची तपासणी करून त्यांवर राजमुद्रा उमटवायची, त्याचे शुल्क घ्यायचे आणि मुद्रा नसलेले वजन वापरणाऱ्याला सव्वासत्तावीस पण दंड करायचा, इतका तपशील तेथे आहे. वस्तू कशी असावी याचे मानक, ठरावीक काळाने तपासणी, शिक्का आणि शिक्क्याशिवाय व्यवहार केल्यास शिक्षा: ब्यूरोचा आजचा कायदा याहून वेगळे काय सांगतो? कौटिल्याच्या बाजारात ‘मुद्रा टाइप’ वजन घेऊन बसणाऱ्या वाण्याची कोणी गय केली नसती.

चिनी मालाबद्दलही थोडे परखड बोलावे लागेल. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले, त्यानंतर चिनी मालाचा लोंढा आला. दिवाळी आली की चिनी दिव्यांच्या माळांवर बहिष्काराची पत्रके निघतात. ती निघायला हरकत नाही. पण मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारी माळ इतकी भिकार का, याचे उत्तर केवळ चीनमध्ये सापडणार नाही. खुद्द चीनने २००२ मध्ये देशी मालासाठी एक आणि आयात मालासाठी दुसरे अशी आपली वेगवेगळी चिन्हे मोडीत काढून ‘सीसीसी’ हे एकच सक्तीचे चिन्ह आणले. स्वतःच्या नागरिकांसाठी त्याला नियम कळतात. भारतात येणारा माल कसा असावा, हे मागणी नोंदवणारा भारतीय आयातदार ठरवतो. ‘आणखी स्वस्त करा, तार बारीक चालेल,’ असे सांगणारा माणूस परदेशी नसतो; तो येथलाच असतो आणि दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन करणारा असतो.

आणखी एक भ्रम आवर्जून दूर केला पाहिजे. खोक्यावर ‘सीई’ अशी दोन अक्षरे दाखवून विक्रेता ‘युरोपचे सर्टिफिकेट आहे’ म्हणतो. सीई हे युरोपीय बाजारपेठेसाठीचे चिन्ह आहे आणि घरगुती विद्युत उपकरणांवर ते बहुतांशी उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. कोणी तिऱ्हाईत परीक्षकाने ते दिलेले नसते. युरोपात खोटेपणा उघड झाला तर तेथील यंत्रणा उत्पादकाची मानगूट धरते. भारतातल्या दुकानात त्या अक्षरांना कायद्याच्या दृष्टीने काडीची किंमत नाही. आयएसआय चिन्ह म्हणजे भारतीय माल, हाही तसाच गैरसमज आहे. परदेशी कारखान्यांना परवाना देण्याची ब्यूरोची योजना २००० सालापासून आहे. चिन्ह सुरक्षिततेची ग्वाही देते, जन्मस्थानाची नव्हे. देशी माल घ्यायचा असेल तर ‘भारतात निर्मित’ हेही वाचावे लागेल; म्हणजे वाचायच्या गोष्टी दोन झाल्या, एकीने दुसरीची भरपाई होत नाही.

या बाबतीत जपानचे उदाहरण घ्यावे. युद्धात बेचिराख झालेल्या त्या देशाचा माल एके काळी स्वस्त आणि तकलादू म्हणून जगभर हिणवला जाई. त्याने १९४९ मध्येच औद्योगिक मानकांचा कायदा करून ‘जेआयएस’ चिन्ह आणले आणि गुणवत्ता हाच राष्ट्राभिमान मानला. आमचा माल कच्चा असला तरी आमचा म्हणून घ्या, असे आर्जव त्याने जगाला केले नाही.

ग्राहकाचे काय? तो केवळ बिचारा नाही. साठ लाखांच्या सदनिकेत इटालियन फरशी बसवणारा मध्यमवर्गीय गृहस्थ भिंतीच्या आतली तार कोणती, हे वायरमनच्या मर्जीवर सोडतो आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आयुष्यभरासाठी भिंतीत गाडून घेतो. बाजारात मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करण्याची सवय इस्त्रीच्या दुकानातही सुटत नाही. घरातली जुनी, वायर सोललेली इस्त्री मोठ्या उदारपणे मोलकरणीला दिली जाते! गणेशोत्सवात मंडळाचे कार्यकर्ते मूर्तीसाठी लाखोंची वर्गणी जमवतात आणि मंडपातला एक्स्टेन्शन बोर्ड पत्र्याच्या खांबाला सुतळीने बांधतात. वर पाऊस चालूच असतो.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा ग्राहकाने जागे आणि संघटित व्हावे हाच त्यामागचा विचार होता. बारा वर्षांनी, १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा आला. २०१९ च्या नव्या कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादकाबरोबर विक्रेत्यालाही जबाबदार धरण्याची सोय केली. या हक्कांचा उपयोग करायचा तर हाती पक्के बिल हवे. बिल न घेण्याच्या बदल्यात चाळीस रुपये वाचवणारा ग्राहक आपला दावा दुकानातच सोडून येतो. चिन्ह पाहणेही पुरेसे नाही, आकडा पाहिला पाहिजे. खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे परवान्याचा सात किंवा दहा आकडी क्रमांक. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवे, पॉवर बँक अशा वस्तूंना नोंदणीचे वेगळे चिन्ह असते, त्यात ‘आर’ या अक्षरापुढे आठ आकडे असतात. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये हा क्रमांक घातला की परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूचा आणि चालू आहे की नाही, हे दुकानात उभ्या उभ्या कळते. शाखेतल्या किंवा वसाहतीतल्या चार तरुणांनी एका रविवारी गावातली पाच दुकाने अशी पाहिली आणि खोटे क्रमांक त्याच ॲपवरून कळवले, तर दहा पत्रके वाटून होणार नाही एवढे काम होईल.

सरकारच्या माथीही दोष येतोच. विजेच्या तारा, इस्त्री, गिझर, पाणी तापवण्याचे रॉड, स्विच यांना २००३ च्या आदेशाने चिन्ह सक्तीचे झाले. २०१६ च्या कायद्याच्या सतराव्या कलमाने, चिन्ह सक्तीचे असलेली वस्तू चिन्हाविना बनवणे, आयात करणे, विकणे, साठवणे आणि विक्रीसाठी मांडणे हे सारे गुन्हे ठरवले. म्हणजे दुकानापुढे टांगलेला तो घोस हाच गुन्हा आहे. विक्री होण्याची वाट पाहायची गरज नाही. १९८६ च्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा पन्नास हजार रुपये होती. नव्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाखांचा दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवली. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने चिन्हाविना विकल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात पाणी तापवण्याच्या रॉडचा उल्लेख होता. २०१४ पर्यंत देशात असे १४ आदेश १०६ वस्तूंना लागू होते; त्यानंतरच्या दशकात ही संख्या सहाशेच्या वर गेली. कागदावर हे सारे भूषणावह आहे. परंतु तालुक्याच्या बाजारात ब्यूरोचा अधिकारी किती वर्षांत फिरकला, असे तेथल्या दुकानदाराला विचारावे. अंधेरीच्या ‘मानकालया’तून निघालेला अधिकारी गडचिरोलीला रोज पोचू शकत नाही, हे उघड आहे. मग जिल्ह्यातल्या वैधमापन निरीक्षकाला हा अधिकार का देऊ नये? तो तराजू तपासायला बाजारात जातोच; पौतवाध्यक्षाचा तो वारसदार आहे.

काही रसायने आणि पॉलिमर यांच्यावरील आदेश केंद्राने २०२५ मध्ये मागे घेतले. कच्च्या मालावरील सक्तीने पुढचे उद्योग अडत होते, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण त्याचा आधार घेऊन ‘आता घरगुती विद्युत उपकरणांचेही पाहा’ अशी कुजबुज सुरू करणाऱ्यांना तेथल्या तेथे थांबवले पाहिजे. प्लास्टिकचे दाणे कोणी ओल्या हाताने भिंतीत खोचत नाही.

राहिला नवा बाजार. मार्च २०२५ मध्ये ब्यूरोने दिल्लीत दोन बड्या ऑनलाइन विक्री कंपन्यांशी संबंधित गोदामांवर छापे घातले. त्यांतल्या एका ठिकाणी साडेतीन हजारांहून अधिक वस्तू सापडल्या, किंमत सुमारे सत्तर लाख रुपये. त्यांत गिझर आणि मिक्सर होते, काहींवर चिन्हच नव्हते, काहींवर बनावट होते. गल्लीतला दुकानदार निदान म्हणू शकतो की माल कोणी नेला ते आठवत नाही. या कंपन्यांना ती सबब नाही. त्यांच्याकडे प्रत्येक खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक आहे. सणाच्या सवलतींचा संदेश त्या एका मिनिटात कोट्यवधी लोकांना पाठवतात. अशा छाप्यात सापडलेल्या प्रत्येक प्रकारचा माल त्याआधी ज्या ज्या घरी पोचला, त्या घरी ‘हा गिझर बंद करा, पैसे परत घ्या’ असा संदेश चोवीस तासांत पाठवण्याची सक्ती त्यांच्यावर करावी, आणि ती पुढच्या थंडीच्या आत करावी.